पंधरा गाळे, चौदा घरं: म्हापशातल्या एका सहकारी इमारतीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

गोव्यात हाउसिंग सोसायटी इमारतीच्या मागून येते. बिल्डर बांधतो, फ्लॅट विकतो, पुढच्या कामाला लागतो. वर्षा-दोन वर्षांत टाकी गळायला लागते, जिन्यातले दिवे जातात, मग जे कोण राहायला आलेले असतात ते स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडून बसतात आणि देखभालीपुरती सोसायटी नोंदवतात. जमीन अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावर, कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचा, पत्ता नाही, आणि निम्मे मालक मुंबई-दिल्लीला. सभेला कोरम होत नाही.

आमच्या कामात क्रम उलटा आहे, म्हणून या नोंदी. चौदा कुटुंबं आधी जमली. प्रस्तावित संस्थेच्या नावाने बँकेत खातं उघडलं, मुख्य प्रवर्तक म्हणून निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंना निवडलं, जमिनीचा करार केला आणि त्यानंतर आर्किटेक्टला, म्हणजे मला, बोलावलं. सगळी म्हापशात भाड्याने राहणारी माणसं. बरीचशी मूळची पेडणे, डिचोली, सत्तरीची. एक कुटुंब महाराष्ट्रातल्या दोडामार्गचं, दोन ख्रिस्ती. त्यांत नर्स आहे, मार्केटात दुकान असलेले दोघे भाऊ आहेत, कदंबातून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेतून, निवृत्त झालेले काका आहेत, एकीचा नवरा वर्षातले आठ महिने बोटीवर असतो.

गावात जमीन स्वस्त मिळाली असती, पण कुणालाच म्हापसा सोडायचं नाही. मलाही ते पटतं. २०११च्या जनगणनेतच गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी होती, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी आपण अजून प्रत्येकाला गावात बंगला मिळेल अशा थाटात बोलतो आणि त्यासाठी डोंगर कापतो. शहरातल्या आधीच बांधलेल्या भागात नीट दाटीने राहणं हाच त्यातला कमी नुकसानीचा मार्ग आहे.

२६ जानेवारी

मोजणी झाली. अल्तिनोच्या उताराखाली ४८ बाय २५ मीटरचा भूखंड, अरुंद बाजू रस्त्याला. १२०० चौरस मीटर. मागच्या कोपऱ्यात चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर, तिच्या शेजारी फणस. पी. टी. शीट आणि चलता नंबर, म्हणजे शहर मोजणीच्या नोंदी, बरोबर जुळतात, ही अर्धी लढाई जिंकल्यासारखंच. विकणाऱ्या घराण्याचे वारस लिस्बन ते टोरांटो पसरलेले. इथल्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते, म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. वकील मुखत्यारपत्रं गोळा करत आहेत. ते त्यांचं काम, मी आकड्यांकडे वळते.

एफएआर, म्हणजे भूखंडाच्या किती टक्के बांधकाम चालतं तो आकडा, १००. म्हणजे १२०० चौरस मीटर बांधता येईल. मी सगळंच मोजायचं असं धरून चालतेय, सवलतींवर डिझाइन उभं करायचं नाही. स्टिल्टवर तीन मजले, मजल्याला पाच गाळे, असे पंधरा. गाळा सात मीटर रुंद, नऊ खोल: ६३ चौरस मीटर.

पंधरा गाळे ९४५. तळमजल्यावर एक गाळा बंद करून सामाईक, ६३. सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे १.२ मीटर रुंदीची आणि ३५ मीटर लांबीची गॅलरी तीन मजल्यांना, १२६. जिना-लिफ्ट ६०. बेरीज ११९४. हातात सहा चौरस मीटर.

घरं चौदा आणि गाळे पंधरा. पंधराव्याचं काय, यावर पुढचे कित्येक महिने जाणार असं दिसतंय.

९ फेब्रुवारी

बैठकीला बारा पुरुष आणि बाई. सामाईक जागेत काय हवं विचारलं. उत्तरं: जिम, कॅरम, ‘फंक्शन हॉल’. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला हवं यावर कुणालाच मत नव्हतं. धुतलेले कपडे पावसात कुठे वाळत घालता, यावर एकमेकांकडे बघणं.

बाईंनी सभा तिथेच थांबवली. म्हणाल्या, घर कायद्याने नवरा-बायको दोघांचं, मग सभासदत्वही दोघांच्या नावे आणि बैठकीलाही दोघं. एकटा आलेला मोजला जाणार नाही. कुणी वाद घातला नाही. शाळेत निम्म्यांना त्यांनीच शिकवलंय.

२३ फेब्रुवारी

आजची बैठक तीन तास चालली आणि डिझाइनचा निम्मा मजकूर मिळाला. यादी करत बसत नाही, ऐकलेलं तसं लिहिते.

कपडे. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत ही प्रत्येक घरातली पहिली तक्रार. दोऱ्या बेडरूममध्ये, पंखा रात्रभर चालू, भिंतीला बुरशी. वर छप्पर आणि चारी बाजू मोकळी अशी वाळवण्याची जागा हवी, ती प्रत्येकाला स्वतंत्र परवडत नाही.

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या, सोलां (आमसुलं), आंब्याच्या साटां, सुकी मासळी, पापड. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नसतं. दोन घरांत या कारणाने विकतचं आणायला सुरुवात झालीय, हे सांगताना त्यांचा आवाज पडला होता. मासळीच्या वासावरून भांडण होईल का, असं मी विचारलं. एक काकी म्हणाल्या, वाऱ्याच्या दिशेने आम्ही आमचं ठरवू, तू फक्त जागा दे.

पाहुणे. गावाहून सासू-सासरे येतात, बोटीवरचा नवरा आला की त्याचे मित्र येतात, मुलगी बाळंतपणाला येते. त्यासाठी प्रत्येकाला एक खोली जास्त हवी होती. मी फळ्यावर हिशेब मांडला. दहा चौरस मीटरची जादा खोली चौदा घरांना म्हणजे १४० चौरस मीटर, आणि ती वर्षातले बहुतेक दिवस कपाटं आणि जुनी गादी ठेवायला. त्याऐवजी पंधराव्या गाळ्यात बाथरूमसकट दोन खोल्या केल्या तर ६३मध्ये भागतं. बाळंतिणीला मात्र घरातच ठेवणार, हे नर्सताईंनी स्पष्ट केलं. ते बरोबरच आहे. पण सासरे लोक पाहुण्यांच्या खोलीत जास्त खूश राहतील, असंही त्याच म्हणाल्या आणि हशा पिकला.

पंधराव्या गाळ्याचा प्रश्न मला वाटला होता त्याच्या आधीच सुटला. आता तो कुठल्या मजल्यावर, एवढंच.

८ मार्च

गटासाठी बाहेरची उदाहरणं गोळा करून छोटं टिपण केलं. परदेशातली चित्रं दाखवली की लोक ‘तिकडचं वेगळं’ म्हणून सोडून देतात, म्हणून सुरुवात मुंबईपासून केली. गामदेवीला सारस्वतांनी १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकाराने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती आशियातली पहिली मानतात. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि जमीन गावाची, वापर कुळाचा, ही गोष्ट कोमुनिदादीच्या गोव्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही.

ख्रिस्ती कुटुंबातल्या काकांनी मग कुडाची, म्हणजे गोव्याच्या खलाशांच्या वसतिगृहाची, गोष्ट काढली. त्यांचे वडील तारवोटी, बोटीवर नोकरीला. मुंबईत धोबी तलावला गावागावाचे कूड होते, अजूनही काही आहेत. मोठी दालनं, भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, दालनातच वेदी, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सगळ्यांनी म्हणायचं. भाडं नाममात्र, कारभार निवडलेल्या कमिटीकडे. बोट लागली की माणूस यायचा, पुढची बोट मिळाली की जायचा, पेटी तिथेच. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. वेदीसाठी वेगळी खोली नव्हती. जिथे झोपायचं तिथेच प्रार्थना, त्यामुळे टाळून जाणं शक्यच नव्हतं.

बार्सिलोनातली ला बोर्दा, २८ घरं, २०१८मध्ये पुरी झाली. पालिकेची जमीन ७५ वर्षांच्या हक्काने, घरं संस्थेची, सभासदाला वापराचा हक्क. सहा मजली लाकडी इमारत, मध्ये चौक, भोवती गॅलऱ्या, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची जागा आणि पाहुण्यांच्या खोल्या. पाहुण्यांच्या खोल्यांपाशी आमच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तळघरातलं पार्किंग त्यांनी केलंच नाही. झुरिकची काल्कब्राइटं ट्राम डेपोच्या डोक्यावर २०१४मध्ये उभी राहिली आणि तिथे राहायचं तर गाडी ठेवायची नाही. यावर मार्केटवाल्या भावांपैकी धाकटा म्हणाला, ‘तिथे ट्राम दारात, इथे शेवटची कदंबा कधी सुटते ते विचारा.’ मुद्दा रास्त आहे. पार्किंगचे नियम आम्ही पाळणार आहोत, चौदा गाड्या स्टिल्ट आणि पुढच्या मोकळ्या जागेत बसतात.

झुरिकमधून एकच गोष्ट सगळ्यांनी उचलली. तिथे २०११च्या सार्वमतात लोकांनी ठरवलं की २०५०पर्यंत शहरातल्या भाड्याच्या घरांपैकी एक तृतीयांश नफा न कमावणाऱ्या संस्थांकडे असावीत. घर हे विकायची वस्तू नसून राहायची जागा, हे तिथे मतदानाने ठरलंय. आमच्याकडे ते चौदा घरांपुरतं ठरवायचं तरी किती जड जाणार, ते उपविधींच्या वेळी कळेल.

३० मार्च, पाडवा

बैठक नाही. गॅलरीच्या कठड्याचा तपशील काढला. प्रत्येक दारासमोर कठड्याला आतून एक लोखंडी नळी, गुढीची काठी उभी राहील इतकी, आणि वर स्लॅबला कडी. कडीला दिवाळीत आकाशकंदील, नाताळात नखेत्र. नाहीतर लोक ड्रिल घेऊन भोकं पाडतात आणि पुढच्या पावसात तिथूनच सळी गंजायला लागते.

१३ एप्रिल

गॅलरीवरून रण माजलं.

माझं म्हणणं सुरुवातीपासून हे आहे की शेजार हॉलमध्ये घडत नाही, वाटेत घडतो. भाजी निवडताना दार उघडं असतं, कुणी जिन्याकडे जाताना थांबतं, दोन शब्द होतात. मधोमध अंधारी लॉबी आणि दोन्ही बाजूंना बंद दारं असली की हे मरतं. म्हणून एका बाजूने उघडी गॅलरी, ती पूर्वेला. नैर्ऋत्येचा पाऊस इमारतीच्या पाठीवर पडेल, गॅलरी कोरडी राहील आणि स्वयंपाकघरं तिच्याकडे तोंड करून. पश्चिमेला खोल वेदर शेड.

पण १.२ मीटरच्या गॅलरीत खुर्ची टाकली की वाट बंद. १.८ करायची तर ०.६ गुणिले ३५ गुणिले ३, म्हणजे ६३ चौरस मीटर. अख्खं एक घर गेलं. हातात सहा आहेत.

तोडगा असा काढला. गॅलरी १.२ मीटरच, पण प्रत्येक घराने दाराजवळ दोन मीटर रुंद, एक मीटर खोल असा कोनाडा सोडायचा. दारं जोडीजोडीने जवळ आणली की शेजारच्या दोन घरांचे कोनाडे जुळतात आणि चार मीटर लांब, २.२ मीटर खोल ओसरी तयार होते. दोन्ही टोकांना भिंतीत बांधलेले सोपो, म्हणजे बसायची बाकं. जुन्या घराचं बल्कांव, म्हणजे दारापुढची ओसरी, जे करतं तेच. मजल्यावर गाळे पाच, त्यामुळे एकाचा कोनाडा एकटा पडतो, तो जिन्यालगत घेतला. एकूण क्षेत्र वाढत नाही, फक्त घर ६३चं ६१ होतं.

‘दोन मीटर गेले’ हे वाक्य आज इतक्यांदा ऐकलं की मी मोजायचं सोडलं. कदंबाच्या काकांनी तर दरही काढला: दोन चौरस मीटर म्हणजे इतके हजार, ते आम्ही शेजाऱ्याच्या खुर्चीसाठी द्यायचे? दोडामार्गची वहिनी शांतपणे म्हणाली, आमच्या आताच्या हॉलमध्ये दारामागे चपलांचा रॅक, छत्र्या आणि सायकल मिळून दोन मीटर जातात, ते बाहेर आले तर आमचं काय गेलं? मतदान झालं. दहा विरुद्ध चार. चारांपैकी दोघांनी जाताना सोपोची उंची विचारली, ती ४५ सेंटिमीटर.

४ मे

सामाईक खोली सर्वात वर न्यावी, असा जोरदार आग्रह. वारा छान, उजेड छान, आवाजाचा त्रास नाही. मी ठाम नाही म्हटलं. वर नेलेली खोली वाढदिवसाला उघडते आणि बाकी वेळ तिथे मोडकी खुर्ची व गणपतीचं मखर राहतं. तळमजल्यावर, जिना आणि विहीर यांच्या मधल्या गाळ्यात ठेवली तर घरी येणारा प्रत्येक माणूस तिच्या दारावरून जातो. मुलं शाळेतून आली आणि आई ड्यूटीवर असली तर तिथेच थांबतात, कुणाचं ना कुणाचं लक्ष असतं. कुडातल्या वेदीची आठवण काकांनीच करून दिली.

आत मोठा ओटा, दोन शेगड्यांची सोय, धुवायची मोरी बाहेरच्या बाजूला. एक भिंत पूर्ण उघडणारी. नारळ खवायची आणि मासे कापायची जागा बाहेर, विहिरीजवळ.

पाहुण्यांच्या खोल्या पहिल्या मजल्यावर, लिफ्टशेजारी. म्हातारी माणसं येणार म्हणून.

२६ मे

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं. केरळात २४ तारखेला मान्सून आला आणि इकडे त्याच्या आधीपासूनच धारा लागल्या होत्या. गटातल्या निम्म्या घरांची सोलां आणि मिरच्या भिजल्या. वाळवणासाठी गच्चीवर घालायच्या छपराला विरोध करणारे एकदम गप्प झाले.

साइटवर जाऊन आले. अल्तिनोवरून येणारं पाणी भूखंडाच्या उत्तर कडेने वाहतं आणि रस्त्याच्या गटाराला मिळायच्या आधी विहिरीपाशी तुंबतं. जिना तिथून दीड मीटर सरकवला. हे नकाशावर दिसलं नसतं, कंटूर एवढं बारीक सांगत नाहीत.

छपराच्या पत्र्यासाठी परवानगी लागते, ती अर्जातच घालणार. म्हापशातल्या बहुतेक गच्च्यांवर पत्रे गळती थांबवायला मागाहून चढतात, कसेही, आणि शहर वरून बघवत नाही. पहिल्यापासून डिझाइनमध्ये घेतलं तर उताराचं, पन्हळीचं आणि वाऱ्याचं गणित नीट बसतं.

१५ जून

उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम. माझं काम नाही असं कुणी म्हणेल, पण फ्लॅट बंद राहिले तर माझी गॅलरी मेली. पाच दारांपैकी तीनला कुलूप असेल तर सोपोवर कोण बसणार? आजूबाजूच्या इमारतींत रात्री किती खिडक्यांत दिवा असतो, ते म्हापशात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे सभासद कोण, घर कुणाला विकायचं, भाड्याने कुणाला द्यायचं, हे मला जिन्याच्या जागेइतकंच महत्त्वाचं आहे.

पहिली सूचना आली: फक्त नीज गोंयकार, म्हणजे अस्सल गोवेकर. टाळ्या पडल्या. कायद्याने असली अट टिकू शकते, हे वकिलांनी सांगितलं. अहमदाबादच्या झोरोआस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये फक्त पारशांना सभासदत्व देणारा उपविधी वैध ठरवला. मग प्रश्न सुरू झाले. दोडामार्गचं कुटुंब वीस वर्षं इथे आहे, मुलं इथे जन्मली, ती कोण? काकींचा भाचा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेला, तो गोंयकार, पण आता भारतीय नागरिक नाही, तो चालेल? कुणीतरी ‘शाकाहारी’ हा शब्द उच्चारला, तेव्हा मार्केटवाल्या भावांनी खुर्च्या मागे सारल्या.

मी एवढंच म्हटलं की कोण आहे यापेक्षा कोण राहतो ते बघा. डिचोलीचा असून घर कुलूप लावून ठेवणारा शेजारी नको, बाहेरचा असून रोज जिना चढणारा चालेल. बाईंनी ते वाक्य सरळ मसुद्यात घातलं. राहणार तोच सभासद. घर सलग सहा महिने बंद राहिलं तर देखभाल शुल्क दुप्पट, आजारपण आणि बोटीवरची नोकरी सोडून. पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देणं पूर्ण बंद. भाडेकरू ठेवायचा तर अकरा महिन्यांपेक्षा कमी नाही, आणि तो सभेला येऊन बोलू शकतो, मत नाही.

पुनर्विक्रीवर मात्र काही ठरलं नाही. तरुण जोडप्यांचं म्हणणं, उद्या मुलांच्या शिक्षणाला पैसे लागले तर बाजारभावाने विकता आलंच पाहिजे, बाकीचं गोवं विकतंय तर आम्हीच का हात बांधून घ्यायचे. बाईंचं म्हणणं, बाजारभावाने विकलं की घेणारा दिल्लीचा, आणि मग पुन्हा कुलूप. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि आवाज चढले ते त्यामुळेच.

२० जुलै

कर्जामुळे पुनर्विक्रीचा गुंता सुटायला मदत झाली, ही गंमतच. जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाकडे भाग आणि वाटपपत्र, अशी रचना बँकेला फारशी आवडत नाही. वसुलीची वेळ आली तर घर कुणालाही विकता आलं पाहिजे, ही त्यांची अट. संस्थेने एकत्र कर्ज घ्यायचं तर एकाच्या थकबाकीला तेरा जण बांधले जातात, त्याला कुणीच तयार नाही. शेवटी वाटपपत्र आणि संस्थेचं ना-हरकत पत्र यांवर वैयक्तिक कर्ज, असं बोलणं झालं आहे.

त्या धाग्याने मधला रस्ता निघाला. पहिली दहा वर्षं घर संस्थेमार्फतच विकायचं, भरलेली रक्कम अधिक बांधकाम खर्चातली वाढ, एवढ्या किमतीला. नंतर बाजारभाव, पण पहिला हक्क ९० दिवस संस्थेच्या प्रतीक्षा यादीचा, आणि नफ्यातला पाचवा हिस्सा दुरुस्ती निधीला. बँकेची वसुली यातून वगळली. बाईंना दहाऐवजी वीस वर्षं हवी होती. मलाही. पण अकरा मतांनी दहा ठरलं.

२७ ऑगस्ट, चवथ

सगळे गावाला, मूळ घरी. फेब्रुवारीत कुणी ‘गणपतीसाठी मोठा हॉल’ मागितला होता, तेव्हा काकींनी विचारलं होतं: चवथीक हांगा कोण उरता? (चवथीला इथे राहतं कोण?) आज फोन लावून पाहिले. चौदा घरांपैकी म्हापशात दोन. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची सजावट, बांधायला सामाईक खोलीत चौकट हवी ही मागणी खोडली, तुळशीच्या लग्नाची ठेवली. वृंदावन एकच, विहिरीच्या बाजूला, आणि त्याला प्रदक्षिणा घालता येईल इतकी जागा.

२१ सप्टेंबर

पाणी. नळाला अस्नोड्याचं येतं, पण वेळा राखत नाही. छप्पर आणि गॅलरी मिळून ३७५ चौरस मीटरच्या आसपास. वर्षाला तीन मीटर पाऊस धरला आणि वीस टक्के सोडून दिला तरी नऊ लाख लिटर. माणशी १३५ लिटरच्या नियमाने छप्पन माणसांना रोज साडेसात हजार लागतात, म्हणजे चार महिन्यांचं पाणी आपल्या डोक्यावर पडतं. अडचण अशी की ते नेमक्या त्या चार महिन्यांत पडतं, जेव्हा पाण्याची ददात नसते, आणि नऊ लाख लिटर साठवायला टाकी बांधायची म्हणजे तळघरच खणायचं. म्हणून पहिले जोराचे पाऊस सोडून, वाळूच्या गाळणीतून विहिरीत. जांभा पाणी मुरवतो तसं पुढे सोडूनही देतो, त्यामुळे एप्रिलमध्ये किती उरेल हे पंपाच्या मोजणीवरच कळेल. विहिरीचं पाणी फ्लश, धुणी आणि झाडांना, वेगळ्या पाइपने. पाइपचा खर्च वाढतो, तो मान्य झाला.

१९ ऑक्टोबर

उद्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळणार. संध्याकाळी गटातल्या पोरांबरोबर बाजारात आणि आसपासच्या वाड्यांवर फिरले. पोरांची एकच मागणी: आपल्या इमारतीत तो बांधता आला पाहिजे. स्टिल्टची उंची २.७ मीटर, त्यात गुडघ्यापर्यंतच मावतो म्हणतात. उघडणाऱ्या भिंतीपुढचा कोपरा फरसबंद करून जमिनीत चार पोलादी खाचा बसवायचं कबूल केलं, बांबू रोवायला. त्यात लग्नाचा मंडप, काहीही उभं राहील. जाळणं मात्र रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, फणसाखाली नाही. यावर लेखी हमी घेतली, पोरांनी सह्या केल्या.

१६ नोव्हेंबर

घरांचं वाटप. आधी गरज, मग चिठ्ठ्या, असा ठराव. गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोन कुटुंबांना पहिला मजला, लिफ्टपासून जवळ. सामाईक खोलीच्या बरोबर वरचं घर कुणालाच नको होतं, खाली भजन आणि वर झोप कशी जमायची. शेवटी ते कदंबाच्या काकांनी घेतलं. पखवाज तेच वाजवतात, तेव्हा ते घरी असताना खाली आवाज नसेल आणि खाली आवाज असेल तेव्हा ते घरी नसतील. काकूंचं मत विचारलं, ‘मी चिपळ्या वाजवते’ म्हणाल्या. उरलेल्या अकरांच्या चिठ्ठ्या बाईंच्या नातवाने काढल्या. दोघांनी आपसांत लगेच बदलून घेतलं, शेजारी बहिणी यायला हव्या होत्या म्हणून.

उद्या नकाशे पी.डी.ए.कडे, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे, तिथून विकास परवानगी मिळाली की पालिकेच्या बांधकाम परवान्याला. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन गोष्टी कळवायच्या: कोनाड्यांमुळे मधले कॉलम एक मीटर मागे गेले आहेत, आणि गच्चीच्या छपरावर ओल्या कपड्यांचा भार धरायचा. गेटच्या आत पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पिशव्यांसाठी भिंतीवर चौदा कड्या दाखवल्या होत्या. काकींनी जाताना त्या सोळा करायला सांगितल्या. पाहुण्यांना काय आदल्या दिवशीचा पाव देणार?